ट्रायल्सची पहिली गाडी : लीड्स, बजेट २,५०० पौंड, सल्ला हवा

रानवाट
नमस्कार मंडळी. लीड्सला राहतो, वय ४४, वजन ८६ किलो. इकडचं पूर्ण लायसन्स आहे, ऑफिसला मोटारसायकलनेच जातो, पण डांबर सोडून कधी खाली उतरलो नाही. मागच्या महिन्यात ऑफिसातल्या एकाबरोबर एका जुन्या दगडखाणीत क्लबची ट्रायल बघायला गेलो. ओढ्यातल्या शेवाळलेल्या धोंड्यांवरून माणसं उभ्याने, पाय न टेकता, चालण्याच्या वेगाने गाड्या वर काढत होती. एक आजोबा तर सत्तरीचे असतील. तीन तास चिखलात उभा होतो, निघावंसं वाटेना.

आता प्रश्न. गाडी कोणती घ्यावी? बूट-हेल्मेट कोणतं? आणि न्यायची कशी, कारण घरी छोटी हॅचबॅक आहे. सगळं धरून २,५०० पौंड. त्याच्या वर जाता येणार नाही, मुलीच्या शाळेच्या सहलीचे पैसे याच महिन्यात भरायचेत. उजवा गुडघा थोडा कुरकुरतो, तेही सांगून ठेवतो.

गिअरबॉक्स_पुणे
एक्सपल्स २०० घ्या! माझ्याकडे ४व्ही आहे, रॅली किटसकट. सिंहगडाच्या मागच्या बाजूचे सगळे कच्चे रस्ते पालथे घातलेत, एकदाही दगा दिला नाही.

चिखलातला
@गिअरबॉक्स, गाडी छानच आहे, पण ती १५८ किलोची. ट्रायल्सची गाडी ७० किलोच्या आसपास असते, म्हणजे निम्म्याहून कमी. टाकीत दोन-तीन लिटर पेट्रोल, सीट जवळजवळ नाहीच. धोंड्यावर आडवी झालेली गाडी दिवसातून वीस वेळा उचलायची असते, तेव्हा हा फरक कंबरेला कळतो.

रानवाट, मी नऊ वर्षं इथे डर्बीशायरमध्ये क्लब ट्रायल्स करतोय. डोळे झाकून चारस्ट्रोक माँटेसा कोटा घ्या. ट्रॅक्टरसारखी खालून ओढते. टोनी बोऊ २००७ पासून दरवर्षी जगज्जेता होतोय तो माँटेसावरच. मी मागच्या वर्षी नवी घेतली, एका पैशाचा पश्चात्ताप नाही.

रानवाट
नव्या कोटाची किंमत पाहिली. माझ्या बजेटच्या दुपटीहून खूप वर आहे हो.

चिखलातला
हप्त्यांनी घ्या. एकदाच घ्यायची तर चांगली घ्यावी.

भुईकमळ
मी ट्रायल्सबद्दल आजच ऐकतेय. पाय टेकला तर बाद का?

यॉर्कशायर_पुणेकर
बाद नाही, गुण चढतात, आणि ज्याचे गुण कमी तो जिंकला. सेक्शनमध्ये (खुणांनी आखलेल्या अवघड टप्प्यात) एकदा पाय टेकला तर १, दोनदा २, तीन किंवा त्याहून जास्त वेळा कितीही टेकला तरी ३. पडलात किंवा खुणांच्या बाहेर गेलात तर ५. पाय न टेकता पार झालात तर शून्य, त्याला क्लीन म्हणतात. वेगाला काही किंमत नाही.

रानवाट, तुम्ही माझ्याच गावचे निघालात. माझी २०१३ची बीटा इव्हो २५० मी २,३०० पौंडांना घेतली होती. त्या भावात आजही दहा-बारा वर्षांची गाडी मिळू शकते, पण मग बुटांना पैसे उरत नाहीत. जुनी बघायला जाल तेव्हा एवढं तरी करा. खोक्यावर चढवून मागचं चाक वर-खाली हलवा. खडखड आली तर लिंकेजची (मागच्या सस्पेन्शनच्या जोडाची) बेअरिंग गेलीत. बहुतेक मालक तिथे कधी ग्रीस घालतच नाहीत. खालची ॲल्युमिनियमची प्लेट चेपलेली असणारच, त्याला घाबरू नका, पण तिच्या मागे इंजिनच्या केसला तडा आहे का ते बॅटरी लावून बघा. गाडी थंड असतानाच जा आणि किक स्वतः मारा. आधीच तापवून ठेवलेली असेल तर परत या. चेसी नंबर घासलेला असेल तर भाव विचारूसुद्धा नका. या गाड्या चोरीला फार जातात.

कोल्हापुरी_तांबडा
आमच्या वडिलांच्या आरएक्स १०० वर मी पन्हाळ्याच्या पायथ्याची चिखलवाट सीटला न टेकता काढायचो, तेव्हा कुठलं बीटा नि कुठलं माँटेसा. १९९४ची गाडी, अजून पहिल्या किकला चालू. दोनस्ट्रोकला तोड नाही. चारस्ट्रोक बंद पडली की तापलेली पुन्हा चालू करताना घाम निघतो.

चिखलातला
माझा कधीच निघत नाही. योग्य किक मारायला शिकावं लागतं.

कोल्हापुरी_तांबडा
नवी आहे म्हणून. पाच वर्षांनी सांगा.

ओवीची_आई
आम्ही मिल्टन कीन्सला असतो. ओवी आठ वर्षांची आहे, तिला ओसेट घेतली, बॅटरीवर चालते. आवाज नाही, धूर नाही, शेजाऱ्यांची तक्रार नाही. पहिल्याच वर्षी क्लबच्या मुलांमध्ये तिसरी आली! मोठ्यांसाठीही आता इलेक्ट्रिक ट्रायल्स गाड्या मिळतात. मागच्या अंगणात सराव करायचा तर तोच एक उपाय. आम्ही रोज संध्याकाळी अर्धा तास विटा मांडून आठचा आकडा काढतो. मी स्वतः पण शिकतेय.

रानवाट
ओवीला शाबासकी! मोठ्यांच्या इलेक्ट्रिक गाड्यांचे भाव मात्र बघून बंद केले. आणखी एक, सराव कुठे करायचा? घरापासून इल्कली मूर, म्हणजे उघडा माळ, जवळ आहे.

यॉर्कशायर_पुणेकर
मूरवर अजिबात नको!! १९८८च्या रोड ट्रॅफिक ॲक्टखाली तो गुन्हा आहे, आणि २००२च्या पोलीस कायद्याने गाडी जप्त होऊ शकते. मालकाच्या परवानगीची खाजगी जागाच हवी. क्लबचे सरावाचे दिवस असतात, तिथे जा. क्लबचं सभासदत्व आणि एसीयूकडे (ऑटो-सायकल युनियन, इथली मोटारसायकल खेळांची संघटना) नोंदणी, दोन्ही लागतं. सोपं काम सांगतो: पहिल्या एक-दोन ट्रायल्सना ऑब्झर्व्हर, म्हणजे सेक्शनवर गुण मोजणारा, म्हणून जा. क्लबांना माणसं कायम कमी पडतात, हाताला धरून बसवतील. एकाच सेक्शनवर दिवसभर उभं राहून शंभर-दीडशे वेळा माणसं कुठे चुकतात ते बघायला मिळतं. मी तसाच शिकलो.

मंद्रसप्तक
१२५ सीसी घ्या. नवशिक्याला १२५च. हलकी, अंगावर येत नाही.

यॉर्कशायर_पुणेकर
८६ किलोच्या माणसाला १२५ नको. चढावर ती सतत रेझ करत ठेवावी लागते, क्लचवर सगळा खेळ, आणि नवशिक्याला नेमकं तेच जमत नाही. २५० कमी आरपीएमवर शांत चालते. ३०० मात्र पहिली गाडी म्हणून नको.

मंद्रसप्तक
माझं वजन ९२ आहे आणि मी १२५ चालवतो.

चिखलातला
मी पण २५०च म्हणतो, घेतली तर माँटेसा.

सांधेदुखी
मी फिजिओथेरपिस्ट आहे, आणि सहा वर्षं ट्रायल्सही करते. गाडीचं चाललंय ते चालू दे, मी बुटांचं सांगते. मोटोक्रॉसचे कडक बूट घेऊ नका. ट्रायल्सचे बूट घोट्यात वाकतात, तळ मऊ असतो, फुटपेगची (पाय ठेवायच्या दांडीची) जाणीव पायाला मिळते. मी गेर्नेचे बॅलन्स वापरते, तळ बदलून घेतले पण वरचं चामडं अजून पहिलंच. पहिल्या वर्षी पैसे वाचवायला मी साधे ट्रेकिंगचे बूट घातले होते. पाय दगड आणि फुटपेगच्या मध्ये सापडला, दोन बोटं मोडली. आठ आठवडे घरी. तेव्हा गाडी दोनशे पौंडांनी स्वस्त घ्या, पण बूट आधी घ्या. जुने चालतील, एक नंबर मोठे नकोत.

हेल्मेट उघड्या तोंडाचं, ट्रायल्सचं. हातमोजे पातळ. गुडघ्याला जर्सीखालचे मऊ पॅड. आणि मनगटाला बांधायची दोरी, लॅनयार्ड किल स्विच, ती लागतेच. पडलात की इंजिन बंद झालं पाहिजे.

गुडघ्याचं म्हणाल तर उभं राहून चालवताना गुडघे किंचित वाकलेले ठेवा, ताठ नकोत. वळताना गाडी आत झुकते, अंग बाहेर जातं, वजन बाहेरच्या पेगवर. हे उलटं वाटतं, कारण रस्त्यावर नेमकं वेगळं करतो. रोज एका पायावर वीस सेकंद तोल धरायचा सराव आत्तापासून करा. गाडी येईपर्यंत पाय तयार होतील.

रानवाट
खूप आभार. बुटांचं पटलं. आता गाडी न्यायचं कोणी सांगेल का? टोबारवर (कारमागच्या ट्रेलर जोडायच्या दांड्यावर) लावायचा रॅक पाहिला, १५० पौंडांत मिळतो.

गिअरबॉक्स_पुणे
म्हणूनच म्हणत होतो, एक्सपल्स चालवतच घेऊन जाता येते.

चिखलातला
रॅक मस्त. मी तीन वर्षं वापरला.

उतारावर
थांबा, थांबा. रॅक घेण्याआधी तुमच्या हॅचबॅकच्या पुस्तिकेत टोबारवर उभा भार किती चालतो ते बघा. माझ्या कारला ७५ किलो होता, काहींना ५०च असतो. ट्रायल्सची गाडी ७० किलो, रॅक २० किलो, झाले ९०. शिवाय भार मागे लांब लटकतो. माझा टोबारचा बोल्ट मोटरवेवर सैल झाला होता, सर्व्हिस स्टेशनला चहा प्यायला थांबलो म्हणून दिसला. मागून येणाऱ्याचं काय झालं असतं, ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो. छोटा ट्रेलर घ्या किंवा व्हॅनवाल्या मित्राबरोबर पेट्रोल वाटून जा.

चिखलातला
मला कधी काही झालं नाही.

उतारावर
तुमची कार कोणती?

चिखलातला
मोठी एसयूव्ही आहे.

कोल्हापुरी_तांबडा
विषय निघालाच आहे तर, या खेळातला खरा राजा सॅमी मिलर. जीओव्ही १३२ नंबरची एरिअल घेऊन त्याने सगळ्यांना पाणी पाजलं, मग स्पेनला जाऊन बुल्टाको कंपनीची शेर्पा गाडी घडवली. त्याचं संग्रहालय हॅम्पशायरला न्यू मिल्टनमध्ये आहे. भाचीकडे आलो होतो तेव्हा खास गेलो, चार तास बाहेर पडलो नाही.

यॉर्कशायर_पुणेकर
आणि मेमध्ये फोर्ट विल्यमला स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल एकदा बघाच. सहा दिवस, रोज ३० सेक्शन, दलदल आणि पाऊस. टायरच्या हवेचं राहिलं: मागे ४-५ पीएसआय, पुढे ६च्या आसपास. साधा गेज तिथे चुकीचं दाखवतो, कमी दाबाचा वेगळा घ्या.

रानवाट
मंडळी, गाडी घेतली. तुमच्यापैकी कोणी सांगितली नव्हती ती. १९७६ची यामाहा टीवाय १७५, १,९५० पौंड.

त्या सत्तरीच्या आजोबांनीच सुचवली, त्यांच्या मित्राच्या गॅरेजात होती. मान्य आहे, आजच्या गाड्यांपेक्षा जड आहे, दोन्हीकडे ड्रम ब्रेक आहेत. पण तिला सीट आहे, दिवे आहेत, नंबरप्लेट आहे. चाळीस वर्षांपेक्षा जुनी म्हणून रोड टॅक्स शून्य, एमओटी (दरवर्षीची गाडीची तपासणी) लागत नाही, फक्त विमा. म्हणजे सरावाच्या जागेपर्यंतचे बारा मैल चालवतच जाईन, रॅक नको, ट्रेलर नको. क्लबमध्ये जुन्या ट्विनशॉक (मागे दोन शॉकॲब्झॉर्बरवाल्या) गाड्यांचा वेगळा वर्ग आहे आणि त्यांची वाट सोपी असते. इंजिन उघडून मला स्वतःला दुरुस्त करता येईल, बाबांच्या यामाहाचं मीच करायचो. उरलेल्यातून बूट (जुने, गेर्ने), हेल्मेट आणि विमा झाला. शिल्लक ८५ पौंड.

चिखलातला
पन्नास वर्षांची गाडी! सहा महिन्यांत विकाल. भाग कुठून आणणार?

कोल्हापुरी_तांबडा
वा रे पठ्ठ्या!! फोटो टाका. आवाजाचा व्हिडिओ पण.

सांधेदुखी
बूट घेतलेत, माझं काम झालं.

यॉर्कशायर_पुणेकर
अभिनंदन. मी २५० म्हणत होतो, पण बारा मैल चालवत जाण्याचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. दोन गोष्टी तातडीने. एक, ४ पीएसआयवर डांबरी रस्त्यावर जाऊ नका. हवा भरून जा, तिथे काढा, परत निघताना पुन्हा भरा. पाठीवर पंप हवाच. दोन, टीवायला मुळात ऑटोल्युब पंप असतो, तेल वेगळ्या टाकीत. बऱ्याच जणांनी तो काढून टाकलेला असतो आणि पेट्रोलमध्येच तेल मिसळतात. विकणाऱ्याला विचारलंत का? नाहीतर नुसतं पेट्रोल घालाल आणि पहिल्याच चढावर पिस्टन धरेल.

रानवाट
बरं झालं सांगितलंत, आत्ता फोन केला. पंप काढलेला आहे. ५ लिटरला १०० मिली तेल टाक म्हणाले. काल संध्याकाळी मी नुसतं पेट्रोल भरून ठेवलं होतं, किक मारायची राहिली होती. आता सगळं उपसून काढतोय.