फियाटचा गच्चीवर ट्रॅक असलेला कारखाना, आता तिथे काय आहे?

नौपाडा_ठाणे:
माझे बाबा कुर्ल्याच्या प्रीमियर मोटार कारखान्यात फिटर होते, ठाण्याहून पहाटेची लोकल पकडून पहिल्या पाळीला जायचे. लहानपणी सांगायचे की इटलीतल्या फियाटच्या कारखान्यात गाडी तयार झाली की गच्चीवर पळवून बघतात. मला थापच वाटायची. परवा फोटो बघितला तर खरंच गच्चीवर रस्ता! कोणी जाऊन आलंय का? आणि मुळात ट्रॅक वर कशाला?

ऐरोलीकर:
मी गेलोय! ऑफिसच्या कामाने तूरिनला होतो, अख्खा रविवार तिथेच घालवला. जागेचं नाव लिंगोट्टो, १९१६ ला बांधायला घेतलं आणि १९२३ ला उद्घाटन, पाच मजली आणि जवळजवळ अर्धा किलोमीटर लांब. माल तळमजल्यावर आत यायचा आणि गाडी एकेक मजला चढत जुळत जायची, म्हणजे वर पोचेपर्यंत तयार, मग ट्रायलला गच्चीच जवळ ना. ट्रॅकच्या दोन्ही टोकांची वळणं कढईच्या काठासारखी उचललेली आहेत, वेगात गाडी बाहेर फेकली जाऊ नये म्हणून. आत गोल फिरत जाणारा रॅम्प आहे, खाली उभं राहून वर बघितलं की काँक्रीटच्या नुसत्या फासळ्या दिसतात, मी तर मान दुखेपर्यंत बघत होतो. कारखाना १९८२ ला बंद पडला, पण इमारत पाडली नाही. रेन्झो पियानो या आर्किटेक्टने आतून बदलली, आता मॉल, हॉटेल, ऑडिटोरियम, कॉलेजचे वर्ग, आर्ट गॅलरी सगळं त्यातच. २०२१ ला ट्रॅकवर बाग पण केली.

पहिली_पाळी:
बाबांना नमस्कार सांगा, मी पण कुर्ल्यालाच होतो, पेंट शॉपला. फियाटने पुढे १९३९ ला मीराफिओरीला मोठा कारखाना काढला, कारण गाडी मजले चढवत नेण्यापेक्षा सपाट जमिनीवर लांब लाइन टाकणं सोपं. आपल्याकडे उद्योगपती वालचंदशेठ हिराचंदांनी १९४४ ला प्रीमियर कंपनी काढली, १९४७ ला पहिली गाडी बाहेर पडली ती क्रायस्लरची, फियाट नंतर आली. आता कुर्ल्याच्या त्या कारखान्याच्या जागेवर कोहिनूर सिटी आहे, टॉवर, शाळा, हॉस्पिटल. लोकांची सोय झाली, चांगलंच आहे, पण नातवाला घेऊन गेलो तर दाखवायला काहीच नाही, गेट इथे असेल असं नुसतं हात करून सांगितलं. एक शेड तरी ठेवायला हवी होती असं मला मनापासून वाटतं. २०२३ च्या ऑक्टोबरात प्रीमियरचीच पद्मिनी टॅक्सी पण मुंबईच्या रस्त्यावरून गेली, आता रंग दाखवायचा तरी कशावर.

नौपाडा_ठाणे:
दोघांचेही आभार. काका, तुमचं बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं, तर त्यांनी वही मागितली आणि गेट, टाइम ऑफिस, कँटीन असा नकाशाच काढायला बसलेत. पेंट शॉपपाशी अडलेत, दार कुठल्या बाजूला होतं ते आठवत नाहीये. तुम्ही ठाण्यात असाल तर रविवारी घरी याल का?

पहिली_पाळी:
कळव्यात असतो. येतो, वही ठेवा.