मदत हवी आहे: कोर्टात घटस्फोट झाला, पण इस्रायलमध्ये लग्नासाठी 'गेट' (ज्यू धार्मिक घटस्फोटपत्र) मागतात

शालोम, नमस्कार मंडळी.

आम्ही ठाण्याचे बेने इस्रायल, म्हणजे मूळचे कोकणातले मराठी ज्यू. धाकट्या बहिणीसाठी विचारतेय. तिला विचारूनच लिहितेय, नावं मात्र देत नाही.

बहिणीचं लग्न सिनेगॉगमध्ये झालं. हुप्पा (लग्नाचा मांडव), केतुबाचं (लग्नाच्या कराराचं) वाचन, दोन साक्षीदारांच्या सह्या, सगळं रीतसर. पुढे परदेशी जायला कागद लागतील म्हणून विशेष विवाह कायद्याखाली नोंदणीही करून घेतली. संसार टिकला नाही. दोघांनी समजुतीने कौटुंबिक न्यायालयात संमतीचा अर्ज दिला आणि हुकूमनामा मिळाला. मूलबाळ नाही, पोटगीचा वाद नाही. तो टोरांटोला गेला, ही नोकरीला लागली. घरात सगळ्यांना वाटलं, विषय मिटला.

आता तिचं इस्रायलच्या अश्दोदमधल्या मुलाशी जमलंय. आपल्यातलाच आहे, आजी-आजोबा अलिबागकडचे, घरात अजून मराठी बोलतात. लग्नाची फाईल उघडायला तो रब्बींच्या (ज्यू धर्मगुरूंच्या) कार्यालयात गेला, तर कागद पाहून त्याला सांगितलं की गेट नसेल तर मुलगी अजून पहिल्या नवऱ्याचीच बायको आहे. तेव्हापासून आईच्या घशाखाली घास उतरत नाही.

मला समजत नाही ते असं. लहानपणापासून ऐकत आलेय, 'दीना दे-मलखुता दीना', म्हणजे राज्याचा कायदा तोच कायदा. हे तर आपल्या धर्मशास्त्राच्या ग्रंथातलं, तलमूदमधलंच वचन. मग भारताच्या न्यायालयाचा हुकूम धर्माला का चालू नये? आणि आता करायचं काय? भारतात बेथ दीन, म्हणजे रब्बींचं न्यायालय, नाही. पहिला नवरा वाईट माणूस नाही, पण फोनवर एकच म्हणतो, "कोर्टाने मोकळं केलं ना, आता परत कसल्या सह्या?" काही जण म्हणतात सायप्रसला जाऊन सरकारी लग्न लावा आणि सोडून द्या. ते बरोबर आहे का? कुणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा.

---

प्रतिसाद:

ताई, मी मुंबईत कौटुंबिक दाव्यांची वकिली करतो. कायद्याची बाजू सांगतो.

ख्रिश्चनांना १८६९ चा घटस्फोट कायदा आहे, पारशांना १९३६ चा आहे. ज्यूंच्या लग्न-घटस्फोटासाठी मात्र संसदेने वेगळा कायदा केलेलाच नाही. वारसाहक्काला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो, लग्नाचं सगळं समाजाच्या रूढीवर आणि धर्मशास्त्रावर. तुमच्या बहिणीच्या लग्नाची नोंदणी १९५४ च्या विशेष विवाह कायद्याच्या कलम १५ खाली झाली होती, म्हणून कलम २८ खाली संमतीने घटस्फोट मिळू शकला. भारताच्या दृष्टीने ती पूर्ण मोकळी आहे, त्यात शंका नको. उलट तिने नुसतं गेट घेतलं असतं, तर हे नोंदणी झालेलं लग्न आपल्या कायद्यात संपलं नसतं. दोन्ही कागद लागतात, एक दुसऱ्याची जागा घेत नाही.

पुढे कुणाच्या उपयोगी पडावं म्हणून एक लिहितो. संमतीच्या अटी लिहिताना 'पती अमुक मुदतीत गेट देईल' हे वाक्य त्यात घालाच. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये ब्रुकर विरुद्ध मार्कोविट्झ या खटल्यात असा शब्द मोडणाऱ्या नवऱ्याला ४७,५०० डॉलर भरपाई द्यायला लावली. त्याने पंधरा वर्षं गेट अडवून धरलं होतं. न्यायालयाने गेट दिलं नाही, ते त्याच्या हातातच नव्हतं. पण लेखी दिलेला शब्द हा करार मानला.

---

प्रतिसाद:

'दीना दे-मलखुता' बद्दल थोडं. हे वचन शमुएल या धर्मपंडिताचं, तिसऱ्या शतकातल्या बाबिलोनियातल्या नेहर्देआ गावच्या. तिथे ससानी राजवट होती आणि प्रश्न होता कर, जमिनी, खरेदीखतं यांचा. राजाने बसवलेला कर चुकवणं ही चोरी, राजाच्या कायद्याप्रमाणे झालेलं खत पक्कं, असा त्याचा रोख आहे. शब्बाथ, अन्नाचे नियम, लग्न-घटस्फोट या गोष्टी त्यात कधीच आल्या नाहीत. मिश्नाच्या (तलमूदचा मूळ गाभा) गित्तिन या भागात स्पष्ट आहे: बिगरज्यू न्यायालयात झालेले दस्तऐवज, साक्षीदार बिगरज्यू असले तरी, ग्राह्य. अपवाद बायकांच्या गेटचा आणि गुलामांच्या मुक्तिपत्राचा.

पण ताई, यात भारताच्या न्यायाधीशांचा मान कमी होतो असं कृपया समजू नका. धर्मशास्त्रात बेथ दीनसुद्धा घटस्फोट 'देत' नाही. बायबलमधल्या 'अनुवाद' या ग्रंथाच्या २४ व्या अध्यायात आहे तसं, नवरा लिहून देतो आणि बायकोच्या हाती ठेवतो, एवढंच. तीन रब्बी फक्त सगळं नीट होतंय ना ते पाहतात. त्यांनी कितीही मोठा निकाल लिहिला तरी नवऱ्याने दिल्याशिवाय बाई मोकळी होत नाही. जे रब्बीला करता येत नाही, ते ठाण्याच्या किंवा पॅरिसच्या न्यायाधीशाला कसं करता येणार? हा प्रश्न पॅरिसमध्ये खरोखरच विचारला गेला होता. १८०६ मध्ये नेपोलियनने ज्यू प्रतिनिधींसमोर बारा प्रश्न ठेवले, त्यातला दुसरा घटस्फोटाचाच होता. त्यांनी उत्तर दिलं की सरकारी घटस्फोट झाल्याशिवाय आम्ही धार्मिक घटस्फोट देणार नाही. सरकारी झाला की धार्मिक आपोआप झाला, असं मात्र म्हणाले नाहीत.

आणि इस्रायलमध्ये राज्याचा कायदाच, १९५३ पासून, ज्यूंची लग्नं आणि घटस्फोट रब्बींच्या न्यायालयांकडे सोपवतो. तुमचं वचन तिथे लावलं तरी वाट त्याच दाराशी जाते.

---

प्रतिसाद:

मी इस्रायलमध्ये लोदला राहते, वय झालंय, मुलगी टाईप करून देतेय. बेटा, ह्याच गेटपायी आपल्या अख्ख्या समाजावर बोट ठेवलं होतं. १९६१ मध्ये मुख्य रब्बींच्या मंडळाने सांगितलं की बेने इस्रायलशी लग्नाला हरकत नाही. पण १९६२ मध्ये फर्मान निघालं की आपल्यातल्या कुणाचं लग्न लावण्याआधी आई-आजीपर्यंतची चौकशी करा. कारण काय, तर कोकणात शतकानुशतकं रब्बी नव्हते, तिथे बायकांनी गेट न घेता दुसरी लग्नं केली असतील, मुलं शुद्ध कशावरून? माझे आईवडील १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेमला धरणं धरायला गेले होते. बायका कडेवर पोरं घेऊन बसल्या होत्या. क्नेसेतमध्ये, म्हणजे इथल्या संसदेत, चर्चा झाली आणि ऑगस्ट संपता संपता फर्मानातून आपलं नाव काढलं.

म्हणून सांगते, सायप्रसची वाट धरू नका. तिथलं लग्न इस्रायलच्या नोंदवहीत चढतं, १९६३ च्या कोर्टाच्या निकालापासून चढतं. पण पुढे मूल झालं तर रब्बी त्याला मामझेर (निषिद्ध संबंधातून झालेलं मूल) म्हणतील, आणि मामझेरला बहुतेक ज्यूंशी लग्न करता येत नाही. आपण जे आळ पुसायला रस्त्यावर बसलो, ते आपल्याच नातवंडांच्या कपाळी नको.

---

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. आजी, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला, ती रडली, पण जेवली. सायप्रसचा विषय बंद केला आहे. आता एवढंच सांगा, त्याला टोरांटोहून इथे यावं लागेल का? दोघांना समोरासमोर उभं राहावं लागेल का? बहिणीची त्याला तयारी नाही.

---

प्रतिसाद:

नाही, यायची गरज नाही. माझंही असंच झालं, म्हणून सांगते. तो टोरांटोच्या बेथ दीनपुढे जाईल, सोफेरला (धार्मिक लेखनिकाला) लिहायला सांगेल. गेट बारा ओळींचं असतं, हाताने लिहिलेलं, त्या एका बाईसाठीच लिहिलेलं. दोन साक्षीदार सह्या करतील आणि तो दूत नेमेल. भारतात बेथ दीन नाही, म्हणून बहीण बाहेरच्या ज्या बेथ दीनपुढे जाईल तिथे दूत ते आणून देतो. परदेशातून गेट आणणाऱ्याने म्हणायचं असतं, "माझ्यादेखत लिहिलं, माझ्यादेखत सही झाली." मिश्नाचा गित्तिन हा भाग सुरूच या वाक्याने होतो. मी दोन्ही हातांची ओंजळ धरली, दूताने कागद त्यात सोडला, मी तो काखेत धरून चार पावलं चालले. मग रब्बींनी तो कापून स्वतःकडे ठेवला आणि मला दाखला दिला. पहिला नवरा खोलीतच काय, त्या देशातही नव्हता.

आधी अश्दोदच्या कार्यालयाला लेखी विचारा की टोरांटोचं कुठलं बेथ दीन त्यांना मान्य आहे. हे राहिलं तर सगळं परत करावं लागतं. मुलगा कोहेन (पुरोहितांच्या वंशातला) तर नाही ना, तेही आत्ताच पाहा, कोहेनला घटस्फोटितेशी लग्न करता येत नाही. गेटनंतर नव्वद दिवसांहून जास्त थांबावं लागतं, तेव्हा हॉल त्या हिशेबाने घ्या. आणि पहिल्या नवऱ्याला धमकी, पैशाचा दबाव, काही नको. बळजबरीने घेतलेलं गेट बाद होऊ शकतं. त्याचं मन वळवेल असं घरातलं कुणीतरी मोठं माणूस बोलू दे.

---

धागाकर्ती:

आमचे मामा त्याच्या वडिलांशी बोलले. वडिलांनी त्याला समजावलं की यात बहिणीला त्याच्याकडून काही पैसा मागायचा नाही, फक्त तिची वाट मोकळी करायची आहे. काल त्याचाच मेसेज आला, "कुठे जायचं ते कळवा." अश्दोदला ईमेल पाठवला आहे. मुलगा कोहेन नाही, तेही विचारून घेतलं.

एक शेवटचं. गेटमध्ये दोघांची सगळी नावं लिहितात असं कळलं. बहिणीचं केतुबावर हिब्रू नाव आहे, पासपोर्टवर इंग्रजी वळणाचं, आणि घरी, शेजारी, ऑफिसातसुद्धा तिला तिसऱ्याच मराठी नावाने हाक मारतात. त्याचंही तसंच. हे सगळं बेथ दीनला आधीच कळवायचं का, आणि कसं? कुणाकडे नमुना असेल तर कृपया व्यक्तिगत निरोप पाठवा.