अनुभव धागा: माशावरचे ठिपके गेले म्हणजे रोग गेला का?

आज १९वा दिवस. माझ्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात, मोठ्या टाकीत, दिवे लागतात, पंप फिरतो, पोवळी वेळेवर उघडतात-मिटतात, गोगलगायी काचेवर गस्त घालतात. मासा मात्र एकही नाही. पाचही जण आतल्या खोलीत, वाळू नसलेल्या उघड्याबोडक्या टाकीत, तांब्याचं (कॉपरचं) औषध घातलेल्या पाण्यात आहेत. घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, "अगं, मासे कुठे गेले?"

चूक माझीच. नवा सर्जन मासा क्वारंटाइन न करता थेट सोडला. तिसऱ्या दिवशी त्याच्या कल्ल्यावर मिठाचे कण चिकटावेत तसे सात-आठ पांढरे ठिपके दिसले. मी घाबरले, लसूण लावलेलं खाणं दिलं, आणि दोन-तीन दिवसांत ठिपके गायब! मी घरभर सांगत सुटले. पुढच्या आठवड्यात पाचही मासे मिठात घोळल्यासारखे झाले.

मग वाचायला बसले. हा क्रिप्टोकॅरियॉन, थोडक्यात क्रिप्ट, नावाचा सूक्ष्म परजीवी. माशाच्या अंगावर तो जेमतेम ३ ते ७ दिवस असतो. पोट भरलं की बहुधा अंधारात, पहाटेच्या सुमारास, खाली उतरतो, वाळूवर किंवा खडकावर चिकटून कवच करतो आणि आत एकाचे शेकडो होतात. म्हणजे ठिपके गेले तेव्हा मासा बरा झाला नव्हता, परजीवी बाळंतपणाला गेला होता. लसणाला फुकटचं श्रेय मिळालं.

कवच फुटायला कधी ३ दिवस, कधी महिनाभर. ७२ दिवस लागल्याचीही नोंद आहे. बाहेर पडलेल्या पिल्लांना एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात, म्हणून टाकी ७६ दिवस बिनमाशांची ठेवायची. मी १९वर आहे. तुमचे अनुभव लिहा ना. काय दिलं, किती दिलं, कुठे फसलात. "आमचा लसणाने बरा झाला" हेही चालेल, फक्त त्यानंतर किती दिवस पाहिलंत तेही सांगा.

*

तांब्यावर माझे पूर्ण बारा दिवस वाया गेलेत, म्हणून आधी तेच सांगतो. तांब्याची औषधं दोन जातींची. एक आयनिक, दुसरं चिलेटेड, म्हणजे दुसऱ्या रेणूला बांधून ठेवलेलं. माझ्याकडे होतं चिलेटेड. त्याला लिटरमागे २ ते २.५ मिलिग्रॅम लागतं. मी मात्र आयनिकवाल्या कुणाचा तरी ०.५चा आकडा धरून बसलो होतो. टेस्ट रोज करायचो, आकडा रोज ०.५, मी रोज खूश. बाराव्या दिवशी अंगावर नवे ठिपके.

दुसरी फजिती: मासा बिचारा लपणार कुठे, म्हणून मोठ्या टाकीतला खडकाचा तुकडा आणून ठेवला. सकाळी २.२ असलेलं तांबं रात्री १.६. खडक ते पिऊन टाकत होता. आता पीव्हीसी पाइपाचे तुकडे ठेवतो. दिसायला भिकार, पण तांबं खात नाहीत.

आणि एक. अमोनिया निकामी करणारी बाटली तांब्यासोबत वापरू नका. त्यांतली बरीचशी तांब्याचं रूप बदलून ते माशालाच विषारी करतात. अमोनिया वाढला तर पाणी बदला आणि नव्या पाण्यात आधीच तेवढं तांबं मिसळा.

*

एक बाळबोध प्रश्न. माझ्याकडे क्लीनर श्रिंप (एक कोळंबी) आहे. ती मासे साफ करते ना? मग हे सगळं कशाला?

*

ती वरवरचं काहीबाही टिपते. क्रिप्ट माशाच्या वरच्या त्वचेखाली बसतो. तिथे श्रिंपचे चिमटेही पोचत नाहीत आणि तांबंही पोचत नाही. तांबं मारतं ते पाण्यात पोहणाऱ्या पिल्लांना. म्हणून तर उपचार आठवडे चालतात. आणि हो, तांबं द्याल तेव्हा श्रिंप त्या पाण्यात नको, आधी तीच मरेल.

*

क्रिप्टला निदान सवड तरी असते. माझ्याकडे व्हेल्व्हेट हा दुसरा परजीवी आला होता.

शुक्रवारी रात्री क्लाउनफिश पंपाच्या धारेत तोंड धरून उभा होता. मला वाटलं खेळतोय. खाल्लं नाही, तेही मनावर घेतलं नाही. शनिवारी दुपारी त्याचे कल्ले धापा टाकल्यासारखे हलत होते. ठिपके कुठेच नव्हते. खोलीत अंधार करून बाजूने टॉर्च मारला तेव्हा दिसलं: अंगभर बारीक, सोनेरी पिठूळ धूळ. रविवार सकाळपर्यंत सहापैकी चार गेले. हा आधी कल्ल्यांत शिरतो, त्यामुळे त्वचेवर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

उरलेल्या दोघांना आधी गोड्या पाण्याची बुडी दिली, मग दुसऱ्या टाकीत क्लोरोक्विन फॉस्फेट. ते उजेडाने निकामी होतं, म्हणून टाकीवर चादर टाकली होती. दोघांपैकी एक जगला. आज त्याला पाहते तेव्हा अजूनही आधी कल्ल्यांकडेच नजर जाते.

खारेपणा कमी करायचा उपाय व्हेल्व्हेटला चालत नाही, त्यात माझे सात-आठ तास गेले. ते तास हातात असते तर, असं वाटत राहतं.

*

खारेपणाचा विषय निघालाच आहे तर. क्रिप्टसाठी मी खारेपणा १.००९ विशिष्ट गुरुत्वावर आणून चार आठवडे मासे ठेवले आणि तरी परत आला. कारण शेवटी कळलं: रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे खारेपणा मोजायचं यंत्र, साध्या पाण्यावर शून्याला लावला होता. ३५ पीपीटीच्या (हजारात ३५ भाग मीठ) द्रावणावर तपासला तर तीन घरं चुकीचा. माझं १.००९ प्रत्यक्षात १.०१२ होतं. क्रिप्टला तेवढी ढील पुरते. दुसऱ्यांदा नीट लावून केलं, जमलं. खाली आणताना मासे फार कुरकुरत नाहीत, वर नेताना मात्र दिवसाला थोडं थोडं.

*

मी औषधाच्या वाटेलाच गेलो नाही, टाक्या बदलल्या. दोन साधे प्लास्टिकचे टब, दोन हीटर, दोन एअर स्टोन. दर ७२ तासांच्या आत मासा स्वच्छ टबात, जुना टब धुऊन खडखडीत वाळवायचा. चार वेळा हलवलं की १२ दिवसांत काम संपतं, कारण खाली उतरलेला परजीवी जुन्या टबातच राहतो आणि त्याला फुटायची सवड मिळत नाही. तांबं न सोसणाऱ्या माशांना हे बरं.

तिसऱ्या बदलीच्या दिवशी डोळाच उघडला नाही, ७२चे ८१ तास झाले. मुकाट्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. बायको म्हणाली, "तुझ्या झोपेची शिक्षा माशाला."

*

ठिपका नाही, सोनेरी धूळ नाही, तरी मासा खडकाला अंग घासतोय आणि एक डोळा धुरकट झालाय? फ्लूकची, म्हणजे चपट्या परजीवी किड्यांची, शंका घ्या. माझ्या एंजल माशाला मी आठवडाभर 'डोळ्याला लागलं असेल' म्हणून सोडून दिलं होतं.

शेवटी गोड्या पाण्याची बुडी दिली. पाणी टाकीच्याच तापमानाला आणलं, खायचा सोडा घालून पीएच जुळवला, तासभर हवा सोडली. मासा आत गेल्यावर आडवाच पडला. माझा हात जाळीवर. दुसऱ्या मिनिटाला त्याच्या अंगावर, जिथे काहीच नव्हतं तिथे, पांढऱ्या चकत्या उमटायला लागल्या. पारदर्शक किडे गोड्या पाण्यात पांढरे पडतात. पाच मिनिटांनी मासा बाहेर काढला तेव्हा भांड्याच्या तळाशी तीळ सांडल्यासारखे पडले होते. मोजले, २३ होते. एवढे एका तळहाताएवढ्या माशावर!

नंतर प्राझिक्वांटेल, लिटरला २.५ मिलिग्रॅम. ते अंड्यांना काही करत नाही, म्हणून आठवड्याने दुसरा डोस हवाच. पहिल्या खेपेला मी तो दिला नाही, कारण मासा 'अगदी ठणठणीत' दिसत होता. ताई, तुमचे ठिपके आणि माझा ठणठणीतपणा एकाच माळेचे मणी.

*

क्लाउनफिशच्या अंगावरून पांढरी साय सुटल्यासारखी निघत असेल तर तो बहुतेक ब्रुकलिनेला, आणखी एक परजीवी. तांबं तिथे निरुपयोगी. फॉर्मेलिनचा बाथ द्यावा लागतो, खिडक्या उघड्या, हातात ग्लव्ह्ज, पाण्यात हवा जोरात, कारण फॉर्मेलिन प्राणवायू कमी करतं. बाटलीच्या तळाशी पांढरा साका दिसला तर ती बाटली वापरू नका, ते माशांना जास्त विषारी असतं. माझे दोन्ही वाचले. एवढंच.

*

सगळ्यांच्या विरुद्ध सांगतो, रागावू नका. माझी टाकी गेली चार वर्षं क्रिप्टसकट चालू आहे. मोठी टाकी, पाण्यासाठी यूव्ही दिवा, दिवसातून तीनदा खाणं, नवा मासा नाही. एकदा निभावलेल्या माशांत काही काळ थोडीफार प्रतिकारशक्ती येते. वर्षातून एखादा ठिपका दिसतो आणि जातो. मागच्या वर्षी हीटर बिघडला, पाणी रात्रीत गारठलं आणि चार दिवसांत सगळे ठिपक्यांनी भरले. एक टँग (सर्जन मासा) गेला. तरी सगळे मासे पकडायला अख्खी टाकी उपसण्यापेक्षा मला हे परवडतं.

*

तुमची टाकी, तुमचा निर्णय. फक्त त्या टाकीतलं पोवळं, खडक किंवा गोगलगाय कुणाला देताना सांगून द्या. माझ्याकडे रोग माशासोबत आलाच नव्हता, भेट मिळालेल्या पोवळ्याच्या बुडख्यावरून आला होता.

*

धागाकर्ती परत हजर. आज ७६. मधे ४४व्या दिवशी घोटाळा झाला होता. तांब्याचा महिना संपून मासे साध्या पाण्यात होते, आणि मी त्यांच्या टाकीत बुडवलेली जाळी धुऊन, न वाळवता, मोठ्या टाकीत घातली. मासे औषध घेतलेले होते, पाण्यात काही असेल असं नाही, पण तीन रात्री झोप उडाली. आता दोन्ही टाक्यांच्या जाळ्यांना वेगवेगळ्या रंगाचे दोरे बांधलेत.

आज सकाळी क्लाउनची जोडी सोडली. दोघं सरळ आपल्या जुन्या कोपऱ्यात गेली, जणू मधे काही झालंच नव्हतं. सर्जनला शेवटी सोडणार आहे. तो अजून पाइपातून डोकं काढून माझ्याकडे बघतोय.