खोलीत आवाज किती घुमतो ते ब्राउझरमधून मोजतोय, आकडे जुळेनात. मदत हवी आहे

मंडळी, मी अमळनेरचा. आजीच्या जात्यावरच्या अहिराणी ओव्या रेकॉर्ड करायच्यात. खोली स्लॅबची, १२ बाय १० फूट, उंची १०. खाली फरशी, भिंतींना ऑइलपेंट, सामान म्हणाल तर एक खाट. नुसतं खाकरलं तरी आवाज फिरून येतो. गोधड्या टांगणारच आहे, पण आधी आणि नंतर मोजावं म्हणून जावास्क्रिप्टमध्ये एक पान लिहिलं. फुगा फोडायचा, लॅपटॉपच्या माइकवर घ्यायचा आणि आवाज ६० डेसिबलने उतरायला किती वेळ लागतो (आरटी६०) ते काढायचं.

पहिल्यांदा आलं ०.३ सेकंद! सबाइनच्या सूत्राने (खोलीचं आकारमान आणि भिंती-फरशी किती आवाज शोषतात यावरून आरटी६० काढतात ते) ३४ घनमीटर खोलीला, शोषणांक ०.०३ (म्हणजे पडलेल्या आवाजातला ३ टक्केच शोषला जातो) धरला तर, २.९ येतात. मग कळलं की ब्राउझर इको कॅन्सलेशन (प्रतिध्वनी काढणं), नॉइज सप्रेशन (गोंगाट दाबणं) आणि ऑटो गेन (आवाज आपोआप कमी-जास्त करणं) आपणहून चालू ठेवतो. व्हिडिओ कॉलला ते बरं, पण मला हवी ती विरत जाणाऱ्या आवाजाची शेपटीच कापली जाते. गेटयूजरमीडियात (ब्राउझरकडून माइक मागायच्या कोडमध्ये) तिन्ही 'फॉल्स' म्हणजे बंद केलं. आता कधी १.४, कधी २.३. आलेख सरळ उतरतो आणि ३० डेसिबलनंतर आडवा पडतो. मी वरपासून खालपर्यंत एकच रेघ मारतोय. कुठे चुकतंय?

प्रतिसाद:
भाऊ, आडवा भाग खोलीचा नाही, मागच्या गोंगाटाचा. कूलर चालू होता ना? तो भाग कापा, मग श्रोडरच्या पद्धतीने ऊर्जेची बेरीज शेवटाकडून सुरुवातीकडे करा आणि फक्त उणे ५ ते उणे २५ डेसिबलचा उतार घ्या. त्या वेळेची तिप्पट म्हणजे टी२०, म्हणजे २० डेसिबलच्या उतारावरून काढलेला आरटी६०. फुगा माइकपासून लांब फोडा, लाटेचा माथा सपाट दिसला (आवाज माइकला झेपला नाही) तर ते माप फेका. ब्लूटूथ माइक नकोच. लॅपटॉपच्या माइकवर खालच्या (खर्जाच्या) पट्ट्यांचा भरवसा धरू नका, ५०० ते २००० हर्ट्झ बघा. ओव्यांना तेवढं पुरे.

धागाकर्ता:
कूलर चालूच होता. मे महिन्यात दुपारी तो बंद करायचं आमच्याकडे कोणी बोलत पण नाही! म्हणून आज पहाटे पाचला मोजलं. तीन फुगे: १.८, १.९, १.८. चार गोधड्या भिंतीपासून वीतभर सोडून टांगल्या, तर ०.८. शेजारच्या खोलीतून आजीचा आवाज आला, "काय करी ऱ्हायना रे?" तो रेकॉर्डिंगमध्ये आलाय, आणि अजिबात घुमत नाही.