'इनासियो' म्हणजे अग्नी का?

विचारणा : मुलासाठी लॅटिन मुळाचं नाव हवंय. शावियेर, इनासियो, विसेंत या तिघांवर घोडं अडलंय. इनासियोचा अर्थ 'अग्नी' असा सांगतात. बरोबर का?

उत्तर : शावियेर आधी बाजूला काढा. गोव्यात ऐकू येणारं प्रत्येक पोर्तुगीज नाव लॅटिन नसतं. शावियेर हे स्पेनमधल्या नवार प्रांतातल्या गावाचं नाव. मूळ बास्क भाषेतलं, अर्थ 'नवं घर'. गोंयच्या सायबाचा, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरचा, जन्म 1506 साली तिथलाच, म्हणून ते त्याला चिकटलं. बस्त्यांव आणि पेद्रू ग्रीक मुळाचे, जुआंव हिब्रू.

दुसरं उत्तर : इनासियोची गंमत वेगळी आहे. लॅटिन 'इग्निस' म्हणजे विस्तव, आणि तो आपल्या 'अग्नी'चा सख्खा भाऊ. त्यामुळे 'इग्नातिउस' पाहिलं की अर्थ आपोआप सुचतो. पण जुनं रूप 'एग्नातिउस' असं आहे. ते रोमन कुळनाव, अर्थ अनिश्चित. पुढे 'इग्निस'शी जुळवून घेताना 'ए'चा 'इ' झाला. म्हणजे 'अग्नी' ही लोकव्युत्पत्तीच, नुसत्या ध्वनिसाम्यावरून लोकांनी जोडलेला अर्थ. नाव मात्र अस्सल जुनं, कोकणीत इनास.

अर्थ चोख हवा असेल तर विसेंत घ्या. लॅटिन 'विन्केरे' म्हणजे जिंकणे, त्याचं धातुसाधित 'विन्केन्त-', म्हणजे 'जिंकणारा'. यातला '-एन्त' संस्कृतातल्या शतृ प्रत्ययाचा ('करणारा' अशा अर्थाची रूपं घडवणाऱ्या '-अन्त'चा) भाऊबंद. 'जयंत'ला याहून जवळचं नाव सापडायचं नाही!

विचारणा : मग देवनागरीत विसेंत, विसेंते की विन्सेंट?

उत्तर : विन्सेंट इंग्रजी वळणाचं. पोर्तुगीजमध्ये शेवटचा 'ए' इतका क्षीण असतो की 'विसेंत' हेच लेखन कानाला जवळचं. रोमीत, म्हणजे रोमन लिपीत, 'सी'पुढे 'ई' किंवा 'आय' आला की उच्चार 'स', म्हणून तिथे घोळ होत नाही.

घोळ होतो तो लोरेंसोत. पोर्तुगीज लेखनात त्यातल्या 'सी'ला खाली शेपटी असते, म्हणून 'स'. संगणकावर भरताना शेपटी गळते, पुढे 'ओ' असतो, आणि परगावचा कारकून बिनदिक्कत 'लोरेन्को' वाचतो. कोंसेसांव या आडनावाचीही तीच गत. अर्थाचं म्हणाल तर लोरेंसो म्हणजे 'लॉरेन्तुम गावचा'. विजयमाळेच्या लॉरेल या झाडाशी नातं नंतर जोडलं गेलं. कायतानही असाच, 'गाएता गावचा'.

आणखी एक : शेपटी, टिंबं, नासिक्य खुणा यांशिवाय निभणारी नावं हवी असतील तर साल्वादोर (तारणहार), क्लेमेंत (दयाळू), रेनातो (पुन्हा जन्मलेला), दुमिंगो (प्रभूचा). शेवटचं बहुधा रविवारी जन्मलेल्याला शोभतं, कारण पोर्तुगीजमध्ये रविवारच 'दुमिंगु'.

जन्मनोंदीत नाव भरण्याआधी रोमी आणि देवनागरी, दोन्ही लेखनं कागदावर लिहून ठरवा. गोव्यात नाव बदलायला 1990 चा स्वतंत्र कायदा आहे. एका अक्षरापायी त्या वाटेला जायला नको.