प्रॉपर्टीचा टाइप आणि लिहिण्याचा हक्क: तपासायचं कुणी, लायब्ररीने की सर्व्हिसने?

गिरगावकर

मुंबईत बहुतेक सोसायट्यांना पालिकेचं पाणी ठरलेल्या वेळी येतं. तेवढ्या वेळात खालची टाकी भरायची आणि पंपाने पाणी गच्चीवर चढवायचं. हे सांभाळणारे लिनक्सवरचे कंट्रोलर आम्ही बनवतो. त्यात सेन्सर वाचणारी एक प्रोसेस, पंप चालवणारी दुसरी, लॉबीतल्या स्क्रीनची तिसरी. सगळ्या एकमेकींशी डी-बसवरून (प्रोसेसेसमध्ये निरोप पोचवणारी लिनक्सवरची यंत्रणा) बोलतात. माहिती किंवा काम देणारी प्रोसेस ती सर्व्हिस, मागणारी ती क्लायंट. सर्व्हिसचं बाहेर दिसणारं मूल्य म्हणजे प्रॉपर्टी, तिच्याकडून करून घ्यायचं काम म्हणजे मेथड.

मध्यंतरी दुसऱ्याच पुरवठादाराचा एक कंट्रोलर आमच्याकडे दुरुस्तीला आला. तक्रार अशी की गच्चीवरची टाकी कोरडी असूनही पंप सुरू होत नाही. उघडून पाहिलं तर टाकीची पातळी ही प्रॉपर्टी एक्सएमएलमध्ये (सर्व्हिसच्या वर्णनात) फक्त वाचण्यासाठी जाहीर केलेली, पण लिबडीबस या लायब्ररीवर (डी-बसशी बोलण्याचा तयार कोड) हाताने लिहिलेला 'सेट'चा, म्हणजे प्रॉपर्टी बदलायच्या मागणीचा, हँडलर (मागणी हाताळणारा कोड) येईल ते लिहून घेत होता. स्क्रीनच्या अ‍ॅपमध्ये राहून गेलेल्या चाचणीच्या कोडने एक मोठा आकडा पाठवला, सर्व्हिसने तो ठेवला. सेन्सरवाली प्रोसेस रीडिंग बदललं तरच नवा आकडा पाठवायची. टाकी कोरडीच, म्हणजे रीडिंग बदलणार कुठून? एका अख्ख्या विंगला त्या दिवशी पाणी मिळालं नाही.

माझं मत स्पष्ट आहे. प्रॉपर्टीचा टाइप (आकडा, मजकूर वगैरे) आणि तिचा हक्क (वाचणे, लिहिणे किंवा दोन्ही) एकदा जाहीर केला की तो पाळून घेणं लायब्ररीचं काम. हँडलरपर्यंत चुकीची मागणी पोचताच कामा नये. याला कारणही आहे. 'सेट'ची सही (सोबत काय काय पाठवायचं त्याची यादी) कायम एकच असते: इंटरफेसचं (प्रॉपर्ट्या-मेथडच्या गटाचं) नाव, प्रॉपर्टीचं नाव आणि एक व्हेरिअंट (कोणत्याही टाइपचं मूल्य मावणारं वेष्टन). त्या व्हेरिअंटच्या आत बूलियन (हो/नाही) आहे की स्ट्रिंग (मजकूर), हे प्रॉपर्टीच्या जाहीर टाइपशी बस ताडून बघत नाही. घेणाऱ्याच्या बाजूने कुणीच पाहिलं नाही, तर कुणीच पाहिलेलं नसतं. जीडीबस ही लायब्ररी दिलेल्या एक्सएमएलवरून दोन्ही गोष्टी आधी तपासते. एसडी-बस या दुसऱ्या लायब्ररीत लिहिण्याजोगी म्हणून न नोंदवलेल्या प्रॉपर्टीवर 'सेट' आला, तर 'प्रॉपर्टीरीडओन्ली' ही चूक परस्पर परत जाते. हे असताना प्रत्येक टीमने हँडलरमध्ये तेच चार इफ पुन्हा का लिहावेत?

ठाणे_सी

एक्सएमएलमधलं 'रीडराइट' (वाचा-लिहा) म्हणजे परवानगी नव्हे, हे आधी मान्य करा. त्याचा अर्थ एवढाच की ही प्रॉपर्टी लिहिता येण्यासारखी आहे. कोणी लिहायची याबद्दल त्यात एक अक्षर नसतं. सोसायटीच्या वॉचमनने फ्लॅट नंबर बरोबर आहे का ते पाहिलं आणि आत शिरणारा माणूस कोण ते विचारलंच नाही, असा तो प्रकार आहे.

म्हणाल, बसची पॉलिसी फाइल (कोणी काय पाठवायचं याचे नियम) आहे की. तिथे डेस्टिनेशन (कोणती सर्व्हिस), पाथ (तिचा कोणता ऑब्जेक्ट), इंटरफेस, मेंबर (कोणती मेथड) यांवर नियम लावता येतो. पण प्रॉपर्टीचं नाव हे मेसेजच्या आतलं आर्ग्युमेंट आहे, ते नियमात धरता येत नाही. म्हणजे एका ऑब्जेक्टवर 'सेट'ला वाट दिलीत की त्यावरच्या सगळ्या प्रॉपर्ट्यांच्या 'सेट'ला दिलीत. स्क्रीनला ब्राइटनेस बदलू द्यायचा आणि पंपाची किमान पातळी बदलू द्यायची नाही, हे बस करूच शकत नाही.

म्हणून माझा नियम: सगळ्या प्रॉपर्ट्या फक्त वाचण्यासाठी, बदल करायचा तर मेथड. सिस्टमडीचं होस्टनेमडी (मशीनचं नाव सांभाळणारी सर्व्हिस) बघा. 'होस्टनेम' ही प्रॉपर्टी वाचायची, बदलायला 'सेटहोस्टनेम' ही वेगळी मेथड, आणि तिच्यामागे पोलकिटची (कोणाला काय करू द्यायचं ते ठरवणाऱ्या सर्व्हिसची) स्वतंत्र अ‍ॅक्शन. वेळ सांभाळणाऱ्या टाइमडेटडीमध्ये टाइमझोनचंही तसंच. मेथडला नाव असतं, तिच्यावर बसची पॉलिसी लागते, आणि दोन मूल्यं एकत्र बदलायची असतील तर तीही एका हाकेत जातात. 'सेट' एका वेळी एकच प्रॉपर्टी बदलतो. किमान आणि कमाल पातळी एकापाठोपाठ लिहिताना मधल्या क्षणी किमान कमालच्या वर गेली तर पंपाने काय करायचं?

मुलुंडची_टेस्टर

मला कडक टाइपचाच त्रास होतो, म्हणून उलट बाजूने लिहिते. आमच्या चाचण्या डीबस-पायथन या पायथनच्या लायब्ररीत आहेत. प्रॉपर्टी ३२ बिटी अनसाइन्ड (ऋण आकडा न चालणारी), मी साधा ३० पाठवते. व्हेरिअंटच्या आत काय हवंय ते लायब्ररीला ठाऊक नसतं, म्हणून ती पायथनचा आकडा साइन्ड (ऋणही चालणारा) धरते. समोरून 'इन्व्हॅलिडआर्ग्ज' ही चूक. ३० हा ३०च आहे ना? मूल्य बसत असेल तर लायब्ररीने बदलून घ्यावं. सर्व्हिस लिहिणाऱ्याला काय हवं ते सर्व्हिसलाच जास्त कळतं, लायब्ररीने तिथे आडवं येऊ नये.

गिरगावकर

ताई, ३० बसतो. -१ बसत नाही. मग आज चालणारी चाचणी उद्या मूल्य बदललं म्हणून मोडणार, आणि टाइपची चूक आहे हे तेव्हाही कुणाला दिसणार नाही. शिवाय साइन्डचं अनसाइन्ड चालवून घेतलं, तर डबलचं (अपूर्णांकाच्या टाइपचं) का नको, स्ट्रिंगमधल्या आकड्याचं का नको? प्रत्येक लायब्ररी आपापली सूट देईल. मग एकीवर चालणारा क्लायंट दुसरीवर चालणार नाही, आणि एक्सएमएलमधला टाइप नावापुरता उरेल.

तुम्ही मूल्य 'यूइंट३२'मध्ये (३२ बिटी अनसाइन्ड टाइपमध्ये) गुंडाळून पाठवा, काम होतं. 'बससीटीएल सेट-प्रॉपर्टी' ही कमांड वापरतानाही टाइपचं अक्षर आपणच लिहितो. ब्लूझेडमध्ये (लिनक्सच्या ब्लूटूथ सर्व्हिसमध्ये) 'डिस्कव्हरेबलटाइमआउट' ही प्रॉपर्टी बदलणाऱ्यांनाही हेच करावं लागतं, तीही अनसाइन्ड ३२ बिटीच आहे.

मुलुंडची_टेस्टर

गुंडाळते, पण हे मला शोधून काढावं लागलं. नुसतं 'इन्व्हॅलिडआर्ग्ज' पाहून चूक मूल्यात आहे की टाइपमध्ये ते समजत नाही. कडक राहायचं असेल तर कोणता टाइप अपेक्षित होता आणि कोणता आला, हे चूक कळवणाऱ्या मजकुरात आलंच पाहिजे. जीडीबस ते सांगतं. हाताने लिहिलेले हँडलर जवळपास कधीच सांगत नाहीत.

गिरगावकर

शंभर टक्के. हे माझ्याच बाजूचं आहे!

दादर_पश्चिम

ठाणे_सी, फक्त मेथड हा नियम मला अतिरेकी वाटतो. नेटवर्कमॅनेजर या नेटवर्क सांभाळणाऱ्या सर्व्हिसमध्ये 'वायरलेसएनेबल्ड' (वायफाय चालू की बंद) ही लिहिता येणारी प्रॉपर्टी आहे आणि लिहिताना पोलकिटची तपासणी होते. 'सेट' हीसुद्धा शेवटी मेथडच, त्यामुळे पासवर्ड विचारायला मुभा देणारा मेसेजवरचा फ्लॅग तिलाही लावता येतो. बसला प्रॉपर्टीचं नाव दिसत नसलं तरी सर्व्हिसला दिसतं. विचारणारा कोण आहे हेही तिला बसकडून कळतं. एसडी-बसमध्ये तर सिस्टम बसवर (अख्ख्या मशीनसाठी असलेल्या बसवर) लिहिण्याजोग्या प्रॉपर्टीलाही वेगळी सूट नोंदवल्याशिवाय विशेष हक्क नसलेल्याचा 'सेट' नाकारला जातो.

वाचण्याच्या बाजूकडेही बघा. डी-बसचं स्पेसिफिकेशन सांगतं की एखादी प्रॉपर्टी विचारणाऱ्याला दाखवायची नसेल तर 'गेटऑल'च्या (सगळ्या प्रॉपर्ट्या एकदम मागण्याच्या) उत्तरातून ती गुपचूप वगळा, आणि तीच 'गेट'ने एकटी मागितली तर हक्काची चूक परत द्या. म्हणजे हक्क माणसागणिक बदलू शकतो हे तिथे गृहीतच धरलंय. गिरगावकर, हे कोणती लायब्ररी एक्सएमएलवरून करणार? ते सर्व्हिसलाच लिहावं लागेल.

गिरगावकर

लिहावंच लागेल, त्यावर वाद नाही. पण मी आणलेल्या उदाहरणात 'कोण' हा प्रश्नच नव्हता. टाकीची पातळी रूटनेही (सगळे हक्क असलेल्या वापरकर्त्यानेही) लिहायची नसते, ती सेन्सरकडून येते. जे कुणीच लिहायचं नाही ते लायब्ररीने अडवावं. जे काहींनी लिहायचं ते सर्व्हिसने पोलकिटला विचारून ठरवावं. दुसरं काम आहे म्हणून पहिलं सोडून द्यायचं, हे मला पटत नाही. लिबडीबसवर थेट लिहिणाऱ्यांनी निदान ही एक तपासणी एका जागी, सगळ्या प्रॉपर्ट्यांसाठी मिळून ठेवावी.

ठाणे_सी

पातळीपुरतं मान्य. 'पंप चालू' मात्र मी प्रॉपर्टी म्हणून लिहू देणार नाही, मग पोलकिट असो वा नसो. 'सेट' यशस्वी झाला की क्लायंट समजतो मूल्य बदललं. मोटर प्रत्यक्षात सुरू व्हायला वेळ जातो, कधी ओव्हरलोडने ट्रिप होते, कधी खालच्या टाकीत पाणीच नसतं. तिथे 'पंपसुरूकर' अशी मेथड हवी, अपयशाचं कारण तिच्या उत्तरात यावं, आणि 'पंप चालू' ही वाचायची प्रॉपर्टी मोटर खरोखर फिरायला लागल्यावरच बदलावी, आणि ते 'प्रॉपर्टीजचेंज्ड' सिग्नलने (बदल कळवणाऱ्या निरोपाने) सगळ्यांना कळावं. तुमच्या स्वतःच्या कंट्रोलरमध्ये सध्या ती कशी आहे?

गिरगावकर

वाचा-लिहा, आणि त्यावर टीममध्ये दोन मतं आहेत. ट्रिपचा मुद्दा सोमवारी मांडतो. जुन्या स्क्रीन अजून 'सेट'च वापरतात, त्यामुळे मेथड आली तरी काही काळ दोन्ही ठेवावं लागेल.