कॉम्प्युटर हँग, रिकव्हरीही हँग : तुमचे अनुभव लिहा

दोन आठवडे झाले, घरचा डेस्कटॉप मधेच गोठतो. असेंबल केलेलं मशीन, वय नऊ वर्षं, त्यावर विंडोजऐवजी उबुंटू ही ऑपरेटिंग सिस्टीम. गाणं चालू असेल तर त्यातलं अर्धं अक्षर 'र्रर्रर्र' करत अडकतं, माउसचा बाण जागेवर खिळतो आणि मग पॉवरचं बटण दाबून धरण्यावाचून गत्यंतर नसतं. बिघाड दुरुस्त करायच्या रिकव्हरी मोडमध्ये जाऊन बघावं म्हटलं, तर मेनू दिसतो पण कीबोर्ड मेलेला. बाण खाली सरकत नाही, एंटर लागत नाही. गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याने मशीनकडे ढुंकूनही न बघता "फॉरमॅट मारून देतो" म्हटलं. मला आधी कारण हवंय. ज्यांच्यावर अशी वेळ आली त्यांनी लिहा : काय दिसलं, काय करून पाहिलं, शेवटी निघालं काय. दुकानांची नावं नकोत, उणीदुणी नकोत.

*

आमच्याकडे धूळ. सीपीयूच्या पंख्याखाली कांबळं झालं होतं. ब्रशने झाडलं, थर्मल पेस्ट नवी लावली. बास.

*

माझी चूक, म्हणून स्वतःच्याच नावाने ओरडते. आमच्या दुकानाचं बिलिंग विंडोजवर चालतं. सी ड्राइव्ह भरला म्हणून मी शेजारचं छोटंसं पार्टिशन (डिस्कचा वेगळा पाडलेला कप्पा) उडवून जागा वाढवली. हुशारी! सहा महिन्यांनी मशीन हँग व्हायला लागलं, शिफ्ट धरून रीस्टार्ट केलं, तर दुरुस्तीचा निळा पडदा येईचना. 'रीएजंटसी /इन्फो' ही कमांड दिल्यावर कळलं, रिकव्हरी 'डिसेबल्ड'. उडवलं होतं ते तेच पार्टिशन. शेवटी भाच्याने त्याच्या लॅपटॉपवर ८ जीबीचा बूटेबल (ज्यावरून मशीन सुरू करता येतं असा) पेनड्राइव्ह करून दिला, त्यावरून दुरुस्तीचा मेनू उघडला.

हे पार्टिशन नुसतं असून भागत नाही, त्यात मोकळी जागाही लागते. जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० चा एक अपडेट कितीतरी लोकांकडे बसतच नव्हता, कारण त्याला तिथे २५० एमबी मोकळे हवे होते.

*

आमचं गाव कोकणात, वीज कशी ते विचारू नका. संध्याकाळी सात वाजले, गावभर दिवे लागले की कॉम्प्युटर गोठायचा. सकाळी मात्र गुणी बाळ. मी दोनदा विंडोज नव्याने टाकलं, सात वाजले की पुन्हा तेच! शेवटी कॅबिनेट उघडून बॅटरी धरली. मदरबोर्डवर प्रोसेसरच्या शेजारी कपॅसिटरांची (वीज साठवणाऱ्या छोट्या नळकांड्यांची) रांग असते. त्यातल्या तिघांची डोकी पुरीसारखी टम्म फुगलेली आणि एकाच्या बुडाशी तपकिरी चिकट ओघळ. चांगल्या कपॅसिटरचं डोकं सपाट असतं, हे तोवर माहीतच नव्हतं. एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, तोही थकलेला निघाला. तो नवा घेतला, तिन्ही कपॅसिटर तालुक्याला एका रेडिओ-टीव्हीवाल्या काकांनी बदलून दिले. एसएमपीएस मात्र घरी उघडू नका, प्लग काढल्यावरही आत करंट राहतो.

*

धागाकर्ते, पुढच्या वेळी गोठल्यावर बटण दाबायच्या आधी कॅप्स लॉक दाबून बघा. दिवा लागत-विझत असेल तर आतला जीव शाबूत आहे, नुसता पडदा अडकलाय. मग ग्राफिक्सकडे बघा, मशीन सुरू होताना 'नोमोडसेट' हा पर्याय देऊन पाहा, त्याने ग्राफिक्सचा ड्रायव्हर बाजूला राहतो. दिवा ढिम्म असेल तर मामला खोल आहे. एकदम बटण दाबण्यापेक्षा ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन धरून एस, यू, बी या क्रमाने सावकाश दाबा : लिहायचं ते डिस्कवर लिहिलं जातं, डिस्क नुसती वाचण्यापुरती जोडली जाते, मग रीबूट. इतर ठिकाणी सांगतात ती आर-ई-आय-एस-यू-बी अशी लांब माळ उबुंटूत मुळात पूर्ण चालत नाही, ही तीन चालतात.

नंतर 'जर्नलसीटीएल -बी -१' ने मागच्या वेळचा लॉग (मशीनने स्वतः ठेवलेल्या नोंदी) वाचा. शेवटच्या ओळींत काहीच तक्रार नसेल, लॉग कात्रीने कापल्यासारखा तुटला असेल, तर मी तरी हार्डवेअरवर संशय घेईन. आणि कीबोर्डचं पोर्ट बदलून बघितलंत का?

*

वरच्या सगळ्याच्या आधी फोटो आणि कागदपत्रं बाहेर काढा. आमच्या डिस्कमधून 'टक... टक' यायचं आणि प्रत्येक टकला मशीन अर्धा मिनिट थांबायचं. स्मार्टच्या (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदींच्या) तक्त्यात पेंडिंग, म्हणजे नीट वाचता न येणारे सेक्टर ८ होते, चार दिवसांनी २४. मी शहाणपणा करून त्याच डिस्कवर दुरुस्तीचं स्कॅन लावलं. रात्रभर मरणपंथाला लागलेली डिस्क घासत राहिली आणि सकाळी बायोसलाही (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमलाही) दिसेना. मुलीच्या बारशाचे फोटो नातेवाइकांच्या फोनांतून गोळा केले, तेही व्हॉट्सॅपने चिरडलेले.

*

रॅम काढा, खोडरबरने सोनेरी दात हलक्या हाताने पुसा, परत बसवा. हसू नका. ऑफिसमध्ये पाचातली दोन मशीनं अशीच उठतात. नाही उठलं तर रात्रभर मेमटेस्ट८६+ (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) लावून झोपा. मशीन यूईएफआयचं (बायोसची नवी पिढी) असेल तर ६ किंवा पुढची आवृत्ती घ्या, त्याआधीची चालत नाही.

*

मीच, धागाकर्ता. सगळ्यांचे आभार, आता निकाल.

कॅप्स लॉक ढिम्म. लॉग कापलेला. मग डिस्कची केबल काढून नुसत्या पेनड्राइव्हवर लाइव्ह उबुंटू चालवला, तर अकराव्या मिनिटाला तोही गोठला. तिथेच डिस्क आणि फॉरमॅट दोन्ही सुटले. खोडरबर झाला, गुण नाही. मेमटेस्टने मात्र पहिल्या फेरीतच पडद्यावर लाल ओळींचा पाऊस पाडला. एकेक रॅम एकटी लावून पाहिली : एक धुतल्या तांदळासारखी, दुसरी लालेलाल. ती काढून आज सहावा दिवस, एकदाही गोठला नाही.

आणि रिकव्हरी? तिचा रॅमशी काही संबंधच नव्हता. कीबोर्ड पुढच्या निळ्या यूएसबीत होता. मागच्या काळ्यात लावल्यावर बाण सरसर खाली गेला. दोन वेगळी दुखणी एकाच वेळी उपटली आणि मी त्यांना एकच धरून बसलो होतो.

सध्या ४ जीबीवर रडतखडत चाललंय. डीडीआर३ या जुन्या पिढीची ८ जीबीची रॅम पुण्यात पासोड्या विठोबापाशी अजून मिळते का? चाचणी करून देणारं कुणी माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.